चार दिवसांसाठी उघडलेला पोर्ट

"मॅडम, माझा माऊस आपोआप चालायलाय," शबाना फोनवर म्हणाली. "मी हात पण लावला नाही. आता टाइप पण व्हायलंय."

"काय टाइप होतंय?"

"स्लाइड बघा. इंग्लिश अक्षरांत. रिपोर्टच्या रिमार्कमध्ये."

मी उमरग्यात कॉम्प्युटर नेटवर्किंगचं काम करते. लहान ऑफिसांतले तीन-चार कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरे एकमेकांना जोडून द्यायचे आणि नंतर ते चालू ठेवायचे, एवढंच काम. दवाखाने, वकिलांची ऑफिसं, आडत दुकानं, दोन-तीन शाळा असे माझे कस्टमर आहेत. शबाना ही बिराजदार डॉक्टरांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिसेप्शनला बसते. रक्त-लघवी तपासायची लॅब. पेशंटची नोंद तिच्या कॉम्प्युटरवर होते आणि रिपोर्टही तिथूनच छापून निघतो.

मी तिला म्हणाले, "राउटरच्या मागं एक पांढरी वायर आहे, छतावरून येते ती. ती काढ. कॉम्प्युटर मात्र बंद करू नको."

"काढली."

"माऊस?"

"थांबला."

म्हणजे कोणीतरी बाहेरून, इंटरनेटवरून, तिच्या स्क्रीनवर आलेलं होतं. कॉम्प्युटर बंद करू नको म्हणायचं कारण असं, की बंद केल्यावर त्यात त्या क्षणाला काय चालू होतं ते निघून जातं. कोण आलं होतं हे शोधायचं असेल तर ते लागतं. मी स्कूटी काढली. सकाळचे साडेअकरा झाले असतील. हायवेवर ट्रकची रांग लागलेली होती, त्यामुळं पाच मिनिटांच्या रस्त्याला वीस मिनिटं लागली.

लॅबमध्ये बाकावर सहा-सात माणसं बसली होती. रिसेप्शनच्या काउंटरला टेकून एक फेटेवाला माणूस उभा होता. मेंढरं राखणाऱ्या घरातला. आत बाकावर त्याची भावजय आडवी झाली होती. चार दिवसांचा ताप. गावातल्या डॉक्टरनं प्लेटलेट बघून या, कमी असल्या तर तसंच सोलापूरला न्या, असं सांगून पाठवलं होतं.

"बाई, कागद देताव का न्हाय?" तो शबानाला विचारत होता. "जीप थांबलीय भाईर. सोलापूर काय जवळ हाय का?"

शबानानं माझ्याकडं बघितलं. तिच्या स्क्रीनवर त्याच बाईचा रिपोर्ट होता. प्लेटलेट अडतीस हजार. सुदृढ माणसाच्या दीड लाखाच्या वर असतात. रिपोर्ट छापायच्या बेतात असताना माऊस हलला होता, 'फायनल'वरची खूण निघून 'रिपीट'वर गेली होती आणि खाली ते दोन शब्द उमटले होते.

बिराजदार डॉक्टर केबिनमधून बाहेर आले. पन्नाशीचे, मोजकं बोलणारे. आज चेहरा उतरलेला होता.

"मॅडम, हॅकर आहे का?"

"बाहेरून कोणीतरी आलं होतं हे नक्की. पण मराठीत सूचना लिहिणारा हॅकर मी अजून बघितला नाही."

"रिपोर्टमधले आकडे बदलले असतील तर? या बाईंना मी काय देऊ?"

"ते मला आत्ता सांगता येणार नाही. तुमच्याकडं रक्त आहे ना अजून? हातानं तपासता येतं का?"

ते म्हणाले, "येतं. काचेच्या स्लाइडवर रक्त पसरून बघता येतं." आणि आत मायक्रोस्कोपकडं गेले.

मी शबानाच्या खुर्चीत बसले. त्या कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्राम चालू होता. असा प्रोग्राम टाकला की दुसरीकडं बसलेल्या माणसाला इथली स्क्रीन दिसते आणि इथला माऊस हलवता येतो. आम्ही लोक दुरुस्तीसाठी तो वापरतो. त्यात काही वाईट नाही. पण बाहेरचा माणूस या प्रोग्रामपर्यंत पोचला कसा, हा प्रश्न होता. मधे राउटर असतो. बाहेरून येणाऱ्या कुणालाही तो आत सोडत नाही, जोपर्यंत आपण सांगत नाही.

राउटरचं पान उघडलं. पासवर्ड अजून तोच होता, राउटरच्या पाठीवरच्या स्टिकरवर छापलेला. तिथं 'पोर्ट फॉरवर्डिंग' नावाची यादी असते. ऑफिसचा इंटरनेटवरचा पत्ता एकच, पण आत जायला नंबर घातलेल्या हजारो खिडक्या, असं समजा. या खिडक्यांना पोर्ट म्हणतात. सगळ्या बंद असतात. फॉरवर्ड करायचं म्हणजे त्यातली एक उघडायची आणि तिथं येणाऱ्याला थेट आतल्या एका कॉम्प्युटरसमोर नेऊन बसवायचं.

यादीत एकच ओळ होती. तिचं नाव होतं DRHOME.

असं नाव मी देते. मी दिलं होतं.

लॉकडाऊनच्या काळात बिराजदार डॉक्टर घरात क्वारंटाइन होते. लॅब बंद ठेवता येत नव्हती. रिपोर्ट घरून बघून ओके करायचे म्हणून त्यांनी फोन केला होता. मी त्यांच्या इंटरनेटवाल्याकडून न बदलणारा पत्ता घ्यायला लावला, हा प्रोग्राम टाकला आणि पोर्ट उघडून दिला. सोपा पासवर्ड ठेवा, मला लक्षात राहत नाही, असं ते म्हणाले. मी लॅबच्या नावातली चार अक्षरं आणि एक-दोन-तीन ठेवलं. "चार दिवसांचं काम आहे, मग बंद करू," हे माझे शब्द. डॉक्टर बरे झाले, लॅबमध्ये आले, आणि ती ओळ तिथंच राहिली. मधे एवढी वर्षं गेली. या काळात मी तिथं प्रिंटर बदलला, कॅमेरे बसवले, दोनदा वायरिंग केलं. राउटरचं पान एकदाही उघडलं नाही.

ती ओळ एका क्लिकनं पुसता आली असती. शबाना नळ्यांवर लेबलं लावत होती. डॉक्टर आत होते. मी पुसली असती तर कुणाला काही कळलं नसतं, आणि कुठून तरी व्हायरस आला होता म्हणून सांगून मी बाहेर पडले असते. हे माझ्या मनात आलं, खोटं कशाला सांगू. मी मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढला आणि डॉक्टरांची वाट बघत बसले.

पंधरा मिनिटांनी ते बाहेर आले. फेटेवाल्याला म्हणाले, "पेशी एवढ्या कमी नाहीत. मशीननं चुकीचं मोजलं. नळीतल्या औषधामुळं कधीकधी पेशींचे गुच्छ होतात, मशीन अख्खा गुच्छ एकच पेशी धरतं. मी हातानं मोजल्या, एक लाख तीसच्या आसपास आहेत. सोलापूरला पळायची गरज नाही. खात्रीसाठी दुसऱ्या नळीत रक्त घेतो, आणि तुमच्या डॉक्टरांशी मी फोनवर बोलतो."

"म्हंजी धोका न्हाय?"

"तापाचं औषध चालू ठेवा. परवा परत दाखवा."

तो माणूस बाहेर जीपवाल्याला सांगायला गेला. डॉक्टर माझ्याकडं वळले.

"ज्यानं लिहिलं त्याचं बरोबर होतं," ते म्हणाले.

मी त्यांना केबिनमध्ये चला म्हणाले. दार लावलं आणि फोटो दाखवला. काय आहे, कधी केलं, कुणी केलं, सगळं सांगितलं.

त्यांनी फोटो बोटांनी मोठा करून बघितला. "मला तर आठवतच नव्हतं. मला वाटलं ते आपोआप बंद झालं."

"आपोआप काही बंद होत नाही, डॉक्टर. बंद करणं माझं काम होतं. ते राहिलं."

"हूं. आता पुढं काय करायचं ते सांगा."

पुढं नोंदी बघायच्या होत्या. हा प्रोग्राम कोणी कधी आलं, कोणत्या पत्त्यावरून आलं आणि किती वेळ थांबलं, एवढं लिहून ठेवतो. नाव लिहीत नाही, कारण तो नाव विचारतच नाही. पासवर्ड एकच, ज्याला माहीत तो आत. नोंदी उघडल्या आणि स्क्रीन खाली सरकतच राहिली. जगातल्या कुठल्या कुठल्या पत्त्यांवरून कोणीतरी पासवर्ड लावून बघत होतं. हे माणसं बसून करत नाहीत. त्यांचे प्रोग्राम रात्रंदिवस उघडे पोर्ट शोधत फिरतात आणि सापडला की सोपे सोपे पासवर्ड लावत बसतात. उमरगा असो की न्यूयॉर्क, त्यांना काही फरक पडत नाही.

त्या गर्दीत यशस्वी झालेल्या नोंदी वेगळ्या काढल्या. एक पत्ता इथल्याच मोबाइल कंपनीचा. आठवड्यातून तीन-चार वेळा, बहुतेक दुपारी एक ते दोन, म्हणजे शबाना डबा खायला आत जाते तेव्हा. आज मात्र सव्वाअकराला. लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये बघितलं. गेल्या दोन महिन्यांत, आजचा सोडून, सात रिपोर्ट 'फायनल'वरून 'रिपीट'वर गेले होते. आकड्यांना कुणी हात लावला नव्हता. सातही प्लेटलेटचे. शबानाला वाटायचं टेक्निशियननं केलं, टेक्निशियन स्वातीला वाटायचं डॉक्टरांनी केलं.

"सातही प्लेटलेटचे?" डॉक्टरांनी विचारलं. मग त्यांनीच टेबलावरचा मोबाइल उचलला, नंबर लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"काका, मी बिराजदार."

पलीकडून पहिला प्रश्न आला, "सर, ती बाई सोलापूरला गेली का?"

हे गायकवाड काका. या लॅबचे जुने टेक्निशियन. लॅब सुरू झाली त्या दिवसापासून होते, प्लेटलेट एवढ्या कमी आल्या की पेशंटला सोलापूरला पळवतात हे त्यांना ठाऊक होतं. गुडघे गेले म्हणून दिवाळीनंतर काम सोडून लोहाऱ्याजवळच्या गावी राहायला गेले. लॉकडाऊनमध्ये डॉक्टर फार आजारी असताना तीन-चार दिवस घरून रिपोर्ट काकांनीच बघितले होते. तेव्हा पासवर्ड डॉक्टरांनीच त्यांना दिला होता.

"नाही गेली. स्लाइड बघितली. गुच्छ होते."

"मला ग्राफवरून दिसलं. म्हणून घाई केली. न्हायतर मी पोरीच्या समोर कधी हात लावत न्हाय, भ्याती ती."

डॉक्टर म्हणाले, "काका, हे बरोबर नाही." आवाज चढवला नाही. "उद्या या. समोरासमोर बोलू."

फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "चला, कोडं सुटलं. पोर्ट बंद करा, पासवर्ड बदला, झालं."

मलाही तसंच वाटायला लागलं होतं. पण यशस्वी नोंदींमध्ये आणखी एक ओळ होती. आदल्या रविवारची, दुपारी तीनची. लॅबला सुट्टी. पत्ता परदेशातला. चार मिनिटं.

"हे काका नाहीत," मी म्हणाले.

विंडोज स्वतःचीही एक नोंदवही ठेवतं. त्यात तीच वेळ काढली. त्या चार मिनिटांत कॉम्प्युटरवर एक नवीन युजर तयार झाला होता. नाव होतं 'support'. सगळे अधिकार दिलेला. मी लॅबच्या सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावून विचारलं. त्यांनी असा युजर केला नव्हता.

डॉक्टरांना मी सोपं करून सांगितलं. हे लोक एकदा आत आले की आधी स्वतःसाठी दुसरी किल्ली करून ठेवतात. मग सवडीनं परत येतात. सगळ्या फाइलींना कुलूप घालतात आणि उघडायचे पैसे मागतात. तुमच्याकडं कुणाचा एचआयव्हीचा रिपोर्ट आहे, कुणाचा गरोदरपणाचा, तेही घेऊन जाऊ शकतात. काही नेलं की नाही हे मला खात्रीनं सांगता येत नाही. चार मिनिटांत फार काही नेता येत नाही, एवढंच म्हणता येतं.

"आणि आज शबानाचा फोन आला नसता तर?"

"तर पुढच्या रविवारी तो परत आला असता."

डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास उचलला, पण प्यायले नाहीत.

"बॅकअप आहे ना?"

बॅकअपची डिस्क होती. पण ती त्याच कॉम्प्युटरला कायम जोडलेली होती. म्हणजे घराला आग लागली तर कागदपत्रं वाचावीत म्हणून कपाटात ठेवायची, आणि कपाट त्याच घरात. मी डिस्क काढली, माझ्या लॅपटॉपला लावली आणि एकेक फोल्डर उघडून बघितलं. शेवटचा बॅकअप कालचा होता. तपासला, नीट उघडला. लॅब सुरू झाल्यापासूनच्या पेशंटचा सगळा इतिहास तिथं होता.

"कॉम्प्युटर पूर्ण पुसावा लागेल," मी म्हणाले. "नुसता युजर काढून चालणार नाही. आणखी काय ठेवून गेला ते मला दिसेलच असं नाही. उद्याचा दिवस आणि परवाची सकाळ."

"लॅब बंद?"

"कॉम्प्युटर बंद. लॅब तुम्ही ठरवा."

दुसऱ्या दिवशी लॅब चालू होती. शबानानं जुनं रजिस्टर काढलं, कार्बन घालून पावत्या लिहिल्या. मी रिसेप्शनच्या मागच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडून बसले. दहाच्या सुमाराला गायकवाड काका लोहाऱ्याच्या जीपमधून उतरले. पांढरा सदरा, हातात काठी, दुसऱ्या हातात चष्म्याची डबी. मला बघून म्हणाले, "तुमीच का त्या वायर काढायला लावणाऱ्या?"

"हो, काका."

"बरं केलंव. मी फोन हलवून हलवून बघत हुतो, रेंज गेली म्हणून."

डॉक्टर बाहेर आले. काका उठायला लागले, तर डॉक्टरांनी त्यांना बसवलं आणि स्वतः बाकावर शेजारी बसले.

"सर, मी चोरी न्हाय केली."

"मला माहीत आहे. पण पेशंटचा रिपोर्ट बाहेर बसून उघडायचा, त्यात बदल करायचा, आणि आम्हाला पत्ताच नाही. उद्या तुमचा फोन दुसऱ्याच्या हातात गेला तर? मला फोन करायचा होता."

"केला हुता. तीन येळा. तुम्ही म्हणलाव, काका, मशीन नवीन हाय, आता तुम्ही आराम करा."

स्वाती हातमोजे घालून दारात उभी होती. तिनं खाली मान घातली. काकांनीच तिला हाक मारली.

"पोरी, तुझी चूक न्हाय. तुला कुणी दाखवलंच न्हाय. मशीन खाली एक खूण देतं, बारीक. ती दिसली की स्लाइड करायची. आण, दाखवतो."

ते दोघं आत गेले. दिवसभर काकांनी मायक्रोस्कोपवर बसून मोजलं आणि स्वातीनं लिहिलं. गुडघा दुखत असणार, पण संध्याकाळच्या जीपपर्यंत उठले नाहीत.

मी माझं काम करत राहिले. कॉम्प्युटर पुसून नव्यानं विंडोज टाकलं, बॅकअपमधून फक्त पेशंटची माहिती आत घेतली. राउटरमधली ती ओळ काढली, पासवर्ड बदलला. पेशंटच्या नातेवाइकांना दिलेलं वायफाय आणि कॅमेरे वेगळ्या नेटवर्कवर टाकले, म्हणजे तिथून कुणी लॅबच्या कॉम्प्युटरकडं येऊ शकणार नाही. शबाना, स्वाती आणि डॉक्टर, तिघांना तीन वेगवेगळे युजर दिले. आता रिपोर्टमध्ये कुणी काय बदललं ते नावानिशी दिसतं. बॅकअपच्या दोन डिस्क केल्या. एक लॅबमध्ये, एक डॉक्टरांच्या घरी, दर शनिवारी अदलाबदल.

डॉक्टरांना घरून बघायची सोय तरीही हवी होती. ती दिली, पण व्हीपीएन लावून. म्हणजे उघडी खिडकी नाही. आधी स्वतःची ओळख पटवायची, मोबाइलवर येणारा नंबर टाकायचा, मग आत. तो मोठा पासवर्ड बघून डॉक्टर म्हणाले, "हा माझ्या लक्षात राहणार नाही."

"कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवा. परदेशातला माणूस तुमचं कपाट उघडायला येणार नाही."

संध्याकाळी निघताना काका माझ्याजवळ थांबले.

"ताई, निस्तं बघायपुरतं तरी ठिवा माझं. हात लावणार न्हाय."

"नाही, काका."

"का बरं?"

"तुम्ही इथं कामाला नाही आता."

त्यांना ते लागलं. मलाही दुसऱ्या शब्दांत सांगता आलं असतं. पण शबाना ऐकत होती, स्वाती ऐकत होती, आणि काकांना सूट दिली असती तर केलेल्या सगळ्या कामाला अर्थ राहिला नसता.

तिसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत लॅब पुन्हा कॉम्प्युटरवर आली. डॉक्टरांनी परदेशी लॉगिनची तक्रार धाराशिवला सायबर पोलिसांकडं दिली, मी काढलेल्या नोंदी जोडून. ती घेतली गेली, नंबर मिळाला, पुढं काही झालं नाही. काकांचं नाव त्यात घातलं नाही, तो निर्णय डॉक्टरांचा. त्या सात पेशंटना फोन करून बोलावलं. सहा जणांच्या पेशी पुरेशा निघाल्या. एकाच्या खरोखर कमी होत्या, त्याच्यावर उपचार आधीच सुरू झाले होते. आता काका दर बुधवारी येतात, पगारावर, आणि मशीननं पेशी कमी दाखवल्या तर स्लाइड केल्याशिवाय रिपोर्ट निघत नाही. बुधवारसाठी त्यांना चौथा युजर दिला आहे. तो फक्त लॅबच्या आत चालतो.

मी त्या आठवड्यात माझी जुनी डायरी काढली. लॉकडाऊनमध्ये कुणाकुणाला घरून काम करायची सोय करून दिली होती, ते शोधलं. अकरा ठिकाणं निघाली. प्रत्येक ठिकाणी स्वतः गेले, राउटरचं पान उघडलं. दोन ठिकाणी माझी ओळ तशीच होती. दोघांनाही सांगितलं की ही माझी चूक आहे. एकानं चहा पाजला. दुसऱ्यानं पुढच्या महिन्यापासून काम दुसऱ्याला दिलं. त्याचंही बरोबर होतं.

तेव्हापासून एक नियम पाळते. तात्पुरतं काही उघडायचं असेल तर बंद करायची तारीख आधी लिहायची, मग उघडायचं. आणि माणूस काम सोडून गेला की त्याचा पासवर्ड त्याच दिवशी काढायचा. माणूस चांगला असेल तर आठवणीनं काढायचा, कारण त्याच्याकडं किल्ली राहिली आहे हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.